नव्या साच्याचं मॉडेल इंजिन आणि त्याच्या जोडीचे डबे: वाट बघण्याचे अनुभव सांगा

1937 साली लंडनच्या यूस्टन स्थानकातून ग्लासगोला धावू लागलेल्या 'कॉरोनेशन स्कॉट'चा फोटो ज्यांनी पाहिलाय, त्यांना मी काय म्हणतोय ते लगेच कळेल. वारा कापण्यासाठी गोलाई दिलेलं निळं इंजिन. त्याच्या नाकावर सुरू झालेल्या रुपेरी रेघा टेंडरवरून (इंजिनामागची कोळसा-पाण्याची गाडी) थेट डब्यांवर जातात आणि शेवटच्या डब्यापर्यंत तुटत नाहीत. या इंजिनामागे दुसरे कुठलेही डबे लावा, रेघा टेंडरपाशीच संपतात आणि गाडी अर्धवट वाटते.

मॉडेल रेल्वेत जुन्याच साच्यावर नवा रंग देऊन आलेली इंजिनं दरवर्षी निघतात. त्यांचीही मजा असते. पण 'नवं टूलिंग', म्हणजे नवे साचे, एवढं वाचलं की पोटात काहीतरी हलतं. आधी घोषणा, मग जतन केलेल्या खऱ्या इंजिनाची मापं, कॉम्प्युटरवरचं ड्रॉइंग, रंग न दिलेला करडा नमुना, रंगवलेला नमुना, आणि शेवटी जहाजाचा प्रवास. वर्ष-दोन वर्षं सहज जातात. माझं मत ठाम आहे: एकाच गाडीसाठी जन्माला आलेलं इंजिन जाहीर करताना त्याचे डबेही त्याच दिवशी जाहीर झाले पाहिजेत.

तुम्ही कशाची वाट बघताय किंवा बघितलीत? डबे बरोबर आले की मागून? मधल्या काळात काय केलंत? विकत घेणाऱ्यांनी लिहा, घरी हाताने करणाऱ्यांनी तर लिहाच. कोथरूडचं जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम 1998 पासून आहे, आपल्यातल्या कित्येकांना हा नाद तिथेच लागला. त्या आठवणीही चालतील.

भोसरी

मी टूलरूममध्ये आहे. आमच्याकडे गाड्यांच्या डॅशबोर्डचे, स्विचच्या खोक्यांचे मोल्ड होतात. इंजिनाचा मोल्ड मी कधी केला नाही, पण काम तेच आहे, म्हणून नव्या टूलिंगची बातमी आली की मी ती वेगळ्या नजरेने वाचतो.

बॉयलर गोल. मोल्ड दोन भागांत उघडणार, म्हणजे कुठेतरी पार्टिंग लाइन येणारच. ती बॉयलरच्या माथ्यावरून गेली की रिव्हेट कितीही सुरेख असोत, नजर त्या रेघेवरच जाते. म्हणून बाजूने सरकणारे स्लाइड घालायचे आणि रेघ अशा ठिकाणी न्यायची की हँडरेल किंवा बॉयलरवरची पट्टी तिला झाकेल. प्रत्येक स्लाइडमागे खर्च वाढतो, आणि मोल्ड जितका गुंतागुंतीचा तितका तो जुळवायला वेळ लागतो. करड्या नमुन्याला आम्ही ट्रायल शॉट म्हणतो. त्याचे फोटो आले की मी ते मोठे करून आधी इजेक्टर पिनच्या (साच्यातून भाग बाहेर ढकलणाऱ्या) गोल खुणा शोधतो. त्या आतल्या अंगाला, न दिसणाऱ्या जागी असल्या की समजायचं, डिझाइन करणाऱ्याने जीव ओतलाय.

आता डब्यांचं. लोकांना वाटतं डबा म्हणजे सरळ पेटी, त्यात काय अवघड? आयसीएफचा, म्हणजे चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीचा, डबा 21.3 मीटरचा. 1:87 मापात तो साडेचोवीस सेंटिमीटर होतो. इतकी लांब, पातळ भिंतींची आणि एका अंगाने उघडी पेटी साच्यातून निघाल्यावर थंड होताना आत ओढली जाते. मधोमध कंबर बारीक होते. ते टाळायला भिंतीची जाडी, गेटची (प्लॅस्टिक आत शिरतं त्या तोंडाची) जागा, थंड करायचं पाणी, सगळं पुन्हा पुन्हा बघावं लागतं. त्यात खिडक्या. पारदर्शक भागात काहीही लपत नाही, प्लॅस्टिकचे दोन प्रवाह जिथे मिळतात ती वेल्ड लाइनसुद्धा दिसते. काच बाहेरच्या पत्र्याशी सपाट बसवायची तर फट राहून चालत नाही. असा डबा फर्स्ट क्लासचा एक साचा, थर्ड क्लासचा दुसरा, ब्रेकव्हॅनचा तिसरा. इंजिनाला एक संच पुरतो, गाडीला चार-पाच लागतात.

म्हणून डबे मागून आले तर मला राग येत नाही. पण आधीच सांगितलं तर बरं, त्या बाबतीत धागाकर्त्यांशी सहमत.

स्टॉकपोर्ट, इंग्लंड

मूळ ठाण्याचा. 2020 च्या जानेवारीत हॉर्नबी या ब्रिटिश मॉडेल कंपनीने शंभराव्या वर्षाच्या यादीत स्टीफन्सनच्या 'रॉकेट'चं नवं टूलिंग जाहीर केलं, लिव्हरपूल अँड मँचेस्टर रेल्वेच्या डब्यांसकट. त्याआधीचं ट्राय-अँग या जुन्या ब्रँडचं रॉकेट 1963 चं होतं, म्हणजे आमच्या पिढीने फक्त जुन्या बाजारात पाहिलेलं. घोषणा झाली आणि थोड्याच दिवसांत लॉकडाऊन. घरात बसून वाट बघण्याशिवाय काही काम नव्हतं, मग मी वाचत बसलो.

रॉकेटच्या बॉयलरचा व्यास 3 फूट 4 इंच. 1:76 मध्ये साधारण 13 मिलिमीटर. मोठं चाक 4 फूट साडेआठ इंच, म्हणजे जेमतेम 19 मिलिमीटर. एवढ्याशा जागेत मोटर, गिअर आणि वजन कसं बसवणार या एका प्रश्नावर मी आणि माझा मुलगा रोज रात्री जेवताना बोलायचो. त्याने पुठ्ठ्याची नळी करून त्यात पेन्सिलचा खोडरबर मोटर म्हणून घालून पाहिला. खऱ्या रॉकेटमध्ये त्याच बॉयलरमधून तांब्याच्या 25 नळ्या गेल्या होत्या. आग एका मोठ्या नळीत न ठेवता गरम वायू अनेक बारीक नळ्यांतून खेळवायचे, म्हणजे पाणी तापवायला पृष्ठभाग जास्त मिळतो. 1829 च्या ऑक्टोबरमध्ये रेनहिलची इंजिनांची स्पर्धा आणि 500 पौंडांचं बक्षीस त्याच करामतीच्या जोरावर मिळालं. हे सगळं मुलाला पुठ्ठ्याच्या नळीवर समजावता आलं.

डब्यांवर मी जास्त खूश होतो. रेल्वेचा डबा कसा असावा हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून घोडागाडीच्या तीन पेट्या एका चौकटीवर शेजारी शेजारी बसवल्या. भिंतींना घोडागाडीचीच गोलाई, सामान टपावर. 2018 साली खरं रॉकेट काही महिन्यांसाठी मँचेस्टरच्या म्युझियममध्ये आलं होतं, तेव्हा मुलाला घेऊन गेलो होतो. ते आता काळवंडलेलं आहे, नंतर बदल केलेलं आहे, पिवळं अजिबात नाही. स्पर्धेच्या दिवशीचं पिवळं इंजिन मागे पिवळे डबे घेऊन कसं दिसत असेल, ते आम्हाला टेबलावर बघायचं होतं.

आणखी एक कारण आहे. 1853 साली बोरीबंदरहून आमच्या ठाण्याला पोचलेल्या गाडीची साहिब, सिंध आणि सुलतान ही इंजिनं व्हल्कन फाउंड्रीची. तो कारखाना याच लिव्हरपूल-मँचेस्टर लाइनीजवळ, न्यूटन-ले-विलोजला होता. ती गाडी चालवणाऱ्या जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचे सल्लागार इंजिनिअर रॉबर्ट स्टीफन्सन, ज्यांच्या न्यूकासलच्या कारखान्यात रॉकेट बनलं. खोकं उघडल्यावर मी आधी डबे रुळावर ठेवले, मग इंजिन. मुलाला उलटं हवं होतं. त्या दिवशी माझं ऐकलं त्याने.

नागपूर

माझे डबे आलेत, इंजिन यायचंय. डबे रुळावर मांडून ठेवलेत. घरी येणारा प्रत्येक जण विचारतो, इंजिन कुठंय? मी सांगतो, येतंय.

डोंबिवली पूर्व

मी स्वतः या छंदातली नाही, मुलगा आहे. अकरा वर्षांचा. दक्षिणेतल्या एका छोट्या कारागिराने डब्ल्यूएपी-7 हे विजेचं इंजिन आणि एलएचबी हे नव्या पद्धतीचे डबे नव्याने करायला घेतलेत, हातावर मोजण्याइतकेच संच. मुलाने वाढदिवसाचे आणि दिवाळीचे पैसे साठवून नाव नोंदवलं.

संचात इंजिन आणि तीन डबे होते. हा म्हणाला, पॉवर कार नाही? एलएचबी गाडीला टोकाला जनरेटरचा डबा लागतोच. मी म्हटलं, तूच विचार. त्याने वहीच्या पानावर पत्र लिहिलं, गाडीचा क्रम काढून दाखवला, हल्ली इंजिनातूनच डब्यांना वीज देतात तरी तो डबा गाडीला का असतो तेही लिहिलं. त्या काकांनी फोन करून सांगितलं की पॉवर कारही करू, थोडा वेळ द्या. त्या दिवसापासून वेळ लागतोय याची तक्रार घरात बंद झाली. कॅलेंडरच्या मागे डब्यांचा क्रम लिहून भिंतीला लावलाय आणि रोज संध्याकाळी कल्याणकडे जाणाऱ्या गाड्यांशी तो ताडून बघतो.

मला यातलं फार कळत नाही. पण एखादी गोष्ट पूर्ण हवी, अर्धी नको, हे त्याला इतक्या लहानपणी कळलंय याचा मला फार अभिमान वाटतो.

योकोहामा

'ट्वायलाइट एक्सप्रेस'. ओसाका ते सप्पोरो, 1989 ते 2015. गर्द हिरवे डबे, मधून पिवळा पट्टा, आणि तसंच रंगवलेलं ईएफ81 इंजिन. मी जपानला आले तेव्हा गाडी बंद झाली होती, म्हणून 1:150 मध्ये तरी हवीच होती. इथल्या दुकानात कुठलं मॉडेल कोणत्या महिन्यात येणार त्याची यादी लावलेली असते, त्यामुळे वाट बघण्याला एक आकार येतो.

माझी काळजी एकच होती: इंजिन आणि डबे वेगळ्या वेळी रंगवले तर हिरवा जुळेल का? गर्द हिरव्यात थोडा निळा जास्त पडला तरी लगेच दिसतं. दोन्ही खिडकीपाशी नेऊन उन्हात शेजारी धरले. जुळतात. बल्बच्या उजेडातही जुळतात.

खरी गाडी मात्र पूर्ण वाटभर जोडीने जात नसे. हिरवं इंजिन आओमोरीपर्यंत. समुद्राखालच्या सेइकान बोगद्यातून लाल ईडी79, आणि होक्काइदोत निळ्या डीडी51 डिझेलची जोडी. म्हणजे अजून तीन इंजिनं घेणं आलं!

श्टुटगार्ट

इथून गोपिंगेन जवळ, मेर्क्लिन या मॉडेल कंपनीचं गाव. त्यांच्या क्लबचं एक इंजिन दरवर्षी फक्त सभासदांसाठी असतं. ठरलेल्या मुदतीत नोंदवायचं, आणि जोडीच्या डब्यांचा संच वेगळा नोंदवायचा. हिवाळ्यात न्यूरेम्बर्गच्या खेळण्यांच्या जत्रेच्या सुमारास नव्या वर्षाची यादी येते आणि आमच्या घरात दुसरा विषय नसतो.

जोडी म्हणजे एकच रंग असं मात्र नाही, हे मला इथे मुद्दाम मांडायचंय. 1928 च्या मे महिन्यात सुरू झालेली 'राइनगोल्ड' घ्या. डबे वांगी आणि क्रीम, त्यांवर सोनेरी अक्षरं. पुढे बव्हेरियाचं एस 3/6, काळं, लाल चाकांचं. रंगाचा काही संबंध नाही, तरी दोघं एकमेकांचे आहेत, कारण त्या वर्षांत त्या रुळांवर ते बरोबर धावले. काळ जुळायला हवा. दिव्यांची संख्या, डब्यावरची अक्षरं, टोकाच्या धक्का झेलणाऱ्या बफरचा आकार, सगळं एकाच सालातलं. यात कंपनीने काटेकोरपणा केला की मी थांबायला कितीही तयार असते.

लोणावळा

मी रेल्वेच्या माटुंगा वर्कशॉपला कॅरेजच्या, म्हणजे डब्यांच्या, बाजूला होतो, आता निवृत्त. इथे सगळे इंजिनाबद्दल भरभरून बोलतात. भोसरीच्या दादांनी डब्यांची बाजू घेतली, बरं वाटलं.

काही तरुण मुलांनी 1930 ची डेक्कन क्वीन करायला घेतली आहे. आधी प्रिंटरवर मूळ नमुना, मग त्यावरून सिलिकॉनचा साचा आणि त्यात रेझिन. इंजिन डब्ल्यूसीपी-1, म्हणजे तेव्हाचं ईए/1. त्यातलं 'सर रॉजर लुम्ली' दिल्लीच्या रेल्वे म्युझियममध्ये उभं आहे, मुलं तिथे जाऊन फोटो आणि मापं घेऊन आली. डब्यांचं माझ्याकडे आलं. 1 जून 1930 ला गाडी सुरू झाली तेव्हा सात-सात डब्यांचे दोन रेक होते, एक रुपेरी आणि त्यावर लाल पट्ट्या, दुसरा निळा आणि सोनेरी रेघांचा. खालची चौकट इंग्लंडहून आली आणि वरची बॉडी आमच्या माटुंग्यात बनली. बनवणारे माझ्या कितीतरी आधीचे, पण शॉप तेच. म्हणून बॉडीच्या बाजूची गोलाई मी कुणाला अंदाजाने काढू देणार नाही. पुठ्ठ्याचे गेज कापून दिलेत, नमुन्यावर धरून बघायचे, उजेड दिसला तर घासायचं.

एका गोष्टीवर आमची चर्चा अजून चालू आहे. आपला ब्रॉडगेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, 1676 मिलिमीटरचा. 1:87 ला तो सव्वाएकोणीस मिलिमीटर व्हायला हवा, पण बाजारात मिळणारे रूळ साडेसोळाचे. मुलं म्हणतात, साडेसोळाच ठेवू, म्हणजे गाडी कुणाच्याही रुळावर चालेल. माझं म्हणणं, समोरून बघितलं की चाकं आत गेल्यासारखी दिसतात आणि आपल्या गाडीचा रुंद पवित्रा जातो. निदान एक संच तरी खऱ्या मापाचा व्हावा, रूळ आपण हाताने घालू. अर्धी मुलं आता माझ्या बाजूला आली आहेत.

पहिला रेक निळा करायचं ठरलंय. त्या काळचे फोटो काळे-पांढरे, त्यामुळे निळा नेमका कोणता यावर कामाच्या टेबलावर रंगाच्या पट्ट्या सुकत पडल्यात. टपावरचा, तारेतून वीज घेणारा पँटोग्राफ नाशिकचा एक मुलगा करतोय. अडलंय ते बफरवर. रेझिनचे बफर लगेच तुटतात, पितळेचे हवेत, लेथवर वळवलेले. सात डब्यांना प्रत्येकी चार आणि इंजिनाचे चार. कुणी करून देत असेल तर इथेच लिहा.

भोसरी

काका, बफर मी वळवून देतो. मागचा दांडा किती जाडीचा आणि किती लांब हवा तेवढं कळवा. चार जास्तीचे करून ठेवतो, बसवताना एखादा हरवतोच. आणि साडेसोळा नाही, सव्वाएकोणीसच करा.