इंजिन गरम झाल्यावर स्लो टिकत नाही : जुना सहा सिलिंडरचा डिझेल ट्रक

प्रश्न : ऊसवाहतूकदार, सांगली जिल्हा

नमस्कार. आमच्याकडे सहा टायरचा जुना ट्रक असून त्याला टर्बो नसलेले सहा सिलिंडरचे डिझेल इंजिन आणि इनलाइन पंप (प्रत्येक सिलिंडरला दाबाने डिझेल पाठवणारा पंप) आहे. सकाळी गाडी अर्ध्या सेल्फला सुरू होते आणि थंड इंजिन स्लोवर (रेस न देता, सर्वांत कमी वेगावर) एकसारखे चालते. मात्र फडातून भरून कारखान्याच्या यार्डात रांगेला उभी राहिली, की तापलेल्या इंजिनाचा स्लो खाली-वर होऊ लागतो, गिअरची कांडी हातात थडथडते आणि रांग पुढे सरकताना क्लच सोडला की गाडी कधीकधी बंद पडते. रेस दिली की इंजिन सुधारते आणि चढाला ओढही चांगली आहे. पाण्याचा काटा जागेवर असतो. स्लोवर मात्र डोळ्यांना झोंबणारा पांढुरका धूर येतो. दोन्ही डिझेल फिल्टर बदलून झाले आहेत. एका मिस्त्रीने स्लोचा स्क्रू वाढवून दिला, त्यामुळे थंड असताना गाडी विनाकारण रेसमध्ये राहते आणि गरम झाल्यावरचा त्रास मात्र तसाच आहे. आता पंप उतरवून तपासणीच्या बेंचवर न्यावा असा सल्ला मिळतो आहे. हंगाम चालू असल्याने गाडी उभी करणे परवडणार नाही, म्हणून पंपाला हात लावण्यापूर्वी काय तपासावे, हे जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद : डिझेल मेकॅनिक, कराड

स्लोचा स्क्रू हा दोष झाकण्याचा उपाय आहे, त्यामुळे तो आता तसाच राहू द्या आणि शेवटी जुळवा. आधी एक गोष्ट वेगळी करावी लागेल : त्रास इंजिन गरम झाल्यामुळे होतो, की गाडी बराच वेळ चालल्यामुळे? डिझेल टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्र बुजले असेल, तर टाकीत हळूहळू ओढ तयार होते, फीड पंपाला (टाकीतून डिझेल ओढून मुख्य पंपाकडे देणारा छोटा पंप) डिझेल कमी पडते आणि आपल्याला वाटते की इंजिन तापल्यामुळे बिघडले. त्रास सुरू असतानाच झाकण उघडा. हवा आत ओढल्याचा आवाज होऊन स्लो सुधारला, तर काम तिथेच संपले.

तसे न झाल्यास फीड पंपाच्या आधीच्या भागात पारदर्शक नळीचा तुकडा जोडून पाहावे. त्या बाजूला ओढ असल्याने बारीक फट असेल तर डिझेल बाहेर गळत नाही, उलट हवा आत येते, म्हणूनच वरून सगळे कोरडे दिसते आणि मिस्त्री फसतो. बॅन्जो बोल्टचे (नळी जोडणारा पोकळ बोल्ट) तांब्याचे वॉशर, हँड प्रायमरचे (हाताने डिझेल चढवण्याचा पंप) सील आणि टाकीपासून येणारी रबरी नळी या तिन्हींवर माझा पहिला संशय असतो.

प्रतिसाद : पंप कॅलिब्रेशन करणारा, कोल्हापूर

पंप उतरवणे हा माझा धंदा असला तरी इथे घाई करू नका, असेच मी म्हणेन. प्लंजर-बॅरल (पंपातला दट्ट्या आणि त्याची नळी) झिजल्यावर गरम आणि पातळ झालेले डिझेल फटीतून मागे सुटते, स्लोवर मुळात थोडेच डिझेल फेकले जात असल्याने तिथे तूट लगेच जाणवते, हे खरे आहे. परंतु अशा गाडीला गरम असताना सेल्फही जास्त मारावा लागतो आणि ओढही कमी होते. आपण तशी तक्रार केलेली नाही.

पंपावरचा ओव्हरफ्लो व्हॉल्व्ह मात्र नक्की पाहा. त्याची स्प्रिंग दमली की गॅलरीतला (पंपातल्या डिझेलच्या पोकळीतला) साधारण 1 ते 1.5 बार दाब टिकत नाही. पंपावर जुन्या पद्धतीचा व्हॅक्यूम गव्हर्नर (हवेच्या ओढीवर वेग सांभाळणारा भाग) असल्यास त्याचा पडदा कडक होऊनही स्लो असाच खाली-वर होतो.

प्रतिसाद : निवृत्त वर्कशॉप फोरमन

झोंबणारा पांढरा धूर म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये डिझेल नीट जळत नाही. इंजिन पूर्ण तापल्यावर स्लोवर असताना एकेका नोझलकडचा (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) पाईपचा नट, वर जाड कापड धरून, थोडा सैल करावा आणि पुन्हा आवळावा. ज्या सिलिंडरचा नट सैल करूनही आवाजात फरक पडत नाही, तोच सिलिंडर निकामी चालला आहे. त्याचे नोझल शेजारच्याशी बदला. दोष नोझलबरोबर सरकला तर नोझल, आणि जागीच राहिला तर टॅपेट (व्हॉल्व्ह आणि तो दाबणारा रॉकर यांतली फट, म्हणजे गॅप) पाहावेत. थंड असताना ठीक आणि गरम झाल्यावर मिसिंग, ही घट्ट टॅपेटची खूण आहे, कारण तापलेला व्हॉल्व्ह लांबतो आणि गॅप उरलेला नसेल तर तो सीटवर पूर्ण बसत नाही. रेसवर कॉम्प्रेशन गळायला वेळ कमी मिळतो, म्हणून तिथे दोष लपतो.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. झाकण उघडून फरक पडला नाही. पारदर्शक नळीत मोहरीएवढे बुडबुडे सतत दिसत होते. फीड पंपाच्या इनलेटचे दोन्ही वॉशर बदलून एअर काढल्यावर ते थांबले आणि स्लोचे खाली-वर होणेही गेले, पण थडथड राहिली. चौथ्या सिलिंडरचा नट सैल करून काहीच फरक पडेना आणि नोझल बदलल्यावरही दोष चौथ्यावरच राहिला. कव्हर उघडले तर चौथ्याच्या एक्झॉस्ट टॅपेटमध्ये सर्वांत पातळ फिलरही (गॅप मोजायची पट्टी) शिरत नव्हता. गॅप मॅन्युअलप्रमाणे केल्यावर काल यार्डात इंजिन न थडथडता चालले, धूरही बंद झाला. आता पुढे काही करावे का?

प्रतिसाद : निवृत्त वर्कशॉप फोरमन

गॅप आपोआप कमी झाला, याचा अर्थ तो व्हॉल्व्ह सीटमध्ये आत बसत चालला असावा. आठवडाभरात त्याच अवस्थेत, म्हणजे थंडमध्ये केला असेल तर थंडमध्येच, पुन्हा मोजा. पुन्हा घट्ट झालेला आढळला, तर हंगाम संपताच हेड उतरवून सीट पाहून घ्या. तोवर दर आठवड्याला गॅप जुळवून गाडी चालवता येईल. स्लोचा स्क्रूही इंजिन पूर्ण तापलेले असताना मूळ जागी, मिनिटाला साधारण 600 फेऱ्यांवर आणा आणि त्याचा चेकनट आवळायला विसरू नका.