मदत हवी: सौर पंपावर स्प्रिंकलर चालतो का?

नमस्कार मंडळी. मी सेलू तालुक्यातला, जिल्हा वर्धा. बोरच्या जंगलाकडे साडेचार एकर वावर आहे. कपाशी, तूर, अन् ओलीत जमलं तर चना. विहीर 45 फूट, चन्याच्या दिवसांत पाणी 30 फुटांवर असते. लाईटच्या कनेक्शनची डिमांड (जोडणीचे पैसे) केव्हाच भरली, पण पोल काही वावरापर्यंत आले नाहीत. सध्या शेजारच्या काकांच्या मोटरीवर भागवतो, म्हणजे त्यांचं ओलीत आटोपलं की आमचा नंबर. लाईटची रात्रपाळी आली की टॉर्च घेऊन पाइप हलवायचे. इकडे वाघाचा धाक, त्यामुळे मी घरी येईपर्यंत आई जागीच. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर ही वीजकेंद्रं सगळी विदर्भातच, तरी ओलिताला रात्र का, हा वेगळा विषय आहे. त्यावर इथे भांडू नका, कामाचं सांगा.

'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत अर्ज करावा म्हणतो. पंपाच्या किमतीच्या 10 टक्के भरायचे (अनुसूचित जाती-जमातीला 5), माझ्या एकरांत 5 एचपी बसतो. भाऊ म्हणतो थांब, साडेसात एचपीपर्यंत मार्च 2029 पर्यंत बिल माफ आहे, लाईनच बरी. आता बिल माफ झालं म्हणून लाईट दिवसा येते थोडीच!

खरी शंका वेगळीच. गावात एकानं सौर बसवला. पाटानं पाणी धो-धो येते, पण स्प्रिंकलर जोडला की नोझल नुसते थुंकतात, फिरत नाहीत. पंपात खोट आहे की सौरचं असंच असते?

प्रतिसाद 1
दादा, एचपी नाही, हेड पाहा, म्हणजे पंप किती मीटर उंच पाणी ढकलतो ते. एकाच एचपीतही वेगवेगळ्या हेडचे पंप येतात. तुमचं पाणी 30 फुटांवर, म्हणजे 9 मीटर. नोझल नीट फिरायला अडीच किलो प्रेशर धरा, ते झाले 25 मीटर. इथेच 34 झाले, पाइपातली घट वेगळी. बसवणारे नुसती विहिरीची खोली विचारतात अन् 30 मीटरचा देऊन मोकळे होतात. तुम्ही सर्व्हेच्या वेळीच स्प्रिंकलरचं सांगा, 50 मीटरचा मागा.

प्रतिसाद 2
वरच्या भाऊंचं बरोबर. फक्त सकाळी नऊला सगळे नोझल फिरतील असं समजू नका. आमच्याकडे दहा ते तीन स्प्रिंकलरची पूर्ण लाइन चालते, आधी-नंतर अर्धे नोझल बंद ठेवतो. आभाळ आलं की थांबायचं. प्लेटांवरची धूळ पुसत जा, कापूस वेचणीच्या दिवसांत फार बसते. पाच वर्षं दुरुस्ती अन् विमा योजनेतच आहे, माकडांनी प्लेट फोडली तर लगेच फोटो काढून तक्रार टाका.

धागाकर्ता
गावातल्या त्या सौरवाल्याच्या पंपावरची माहितीची पट्टी पाहून आलो. हेड 30 मीटरच लिहिलं आहे! बसवून झाल्यावर कोणी पंप बदलून घेतला आहे का? अर्ज कुठे दिला?