रेंज नेमकी कुठल्या फोनला चांगली? (सोसायटीच्या ग्रुपवरचं बोलणं, नावांच्या जागी फ्लॅट नंबर)

ए-२०४ : सासूबाईंसाठी फोन घ्यायचाय, पंधरा हजारांच्या आतला. लिफ्टला लागून असलेल्या खोलीत रेंज धरणारा पाहिजे. कुठली कंपनी बरी?

सी-५०१ : वहिनी, कंपनीच्या नावावर रेंज ठरत नाही. ती ठरते आतल्या मॉडेमवर, म्हणजे टॉवरशी बोलणाऱ्या चिपवर, आणि कडेच्या पट्टीत बसवलेल्या अँटेनावर. सॅमसंगचंच बघा. २०२४ साली भारतात आलेल्या एस-२४ मध्ये सॅमसंगचीच एक्झिनॉस चिप होती आणि त्याच सालच्या एस-२४ अल्ट्रामध्ये क्वालकॉम कंपनीची. आयफोन ११ ला इंटेलचा मॉडेम होता, १२ ला क्वालकॉमचा आला. मग 'सॅमसंग भारी' का 'ॲपल भारी' म्हणायचं? मॉडेल सांगितल्याशिवाय बोलण्यात अर्थच नाही.

बी-३०३ : काका, पण एकाच जागी एका फोनला चार काड्या आणि दुसऱ्याला दोन, असं दिसतंच की.

सी-५०१ : काड्या सोडा. किती सिग्नलला किती काड्या दाखवायच्या, याचं सगळ्यांना मिळून एक माप नाही. आयफोन ४ च्या वेळी, २०१० साली, काड्या मोजायचं आपलं सूत्रच चुकलंय आणि कधी कधी दोन काड्या जास्त दिसतात, हे ॲपलनं स्वतः जाहीर केलं होतं.
डीबीएमचा आकडा बघा, सिग्नलची खरी ताकद तो सांगतो. अँड्रॉइडला सेटिंग्जमध्ये 'अबाउट फोन', मग 'स्टेटस' किंवा 'सिम स्टेटस', तिथं 'सिग्नल स्ट्रेंथ'. आयफोनला *३००१#१२३४५#* डायल करून कॉल दाबा, 'आरएसआरपी' या नावानं तोच आकडा दिसेल. आकडा उणे असतो. फोर-जीला -८५ च्या आसपास उत्तम, -१०० ला काम चालतं, -११० च्या खाली आवाज तुटायला लागतो, -१२० ला फोन नावालाच. आणि १० डीबीचा फरक म्हणजे ताकदीत दहापट फरक, हे ध्यानात ठेवा.

ए-२०४ : म्हणजे दोन्ही फोन शेजारी ठेवून आकडे बघायचे?

सी-५०१ : तिथंच चूक होते. दोन फोनमध्ये दोन कंपन्यांची सिम असली तर तुम्ही टॉवरची तुलना करताय, फोनची नाही. एकच सिम आळीपाळीनं घाला. कव्हर काढा. टेबलावर त्याच जागी, त्याच बाजूला तोंड करून ठेवा. विमान मोड दहा सेकंद लावून काढा, मिनिटभर थांबा, मग पाच वेळा आकडा लिहून सरासरी काढा. तीन-चार डीबीचा फरक सोडून द्या, फोनच्या मोजण्यातच तेवढी चूक असते. आठ-दहा दिसला तर खरा.

बी-३०३ : यात बँडचं, म्हणजे टॉवर कुठल्या फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यावर चालतो त्याचं, एक राहिलं. एक फोन ८५० मेगाहर्ट्झवर आणि दुसरा २३०० वर बसला असेल तर आकडे जुळवायचेच नाहीत. कमी फ्रिक्वेन्सी भिंतीतून जास्त आत येते आणि लांबवर पोचते. पन्हाळ्याकडं, गगनबावड्याकडं टॉवर लांब पडला की ८५० सारखा कमी फ्रिक्वेन्सीचा बँड उपयोगी. वहिनी, बॉक्सवर किंवा कंपनीच्या साइटवर फोर-जीचे बँड नंबर १, ३, ५, ८, ४० आणि फाइव्ह-जीचे एन-२८ व एन-७८ आहेत का बघून घ्या. बाहेरच्या देशातून आणलेल्या फोनला यातला एखादा नसतो आणि दोष उगाच ब्रँडला लागतो.

सी-५०१ : बरोबर. आणि चुंबकाच्या होल्डरसाठी कव्हरमध्ये लोखंडी पट्टी चिकटवलेली असते, ती आधी काढा. अँटेनासमोर धातू आला की कुठलाही फोन रेंज सोडतो. फोन आडवा धरून दोन्ही टोकं तळव्यांत झाकली तरी तेच.

ए-२०४ : आणि खोलीतच -११५ येत असेल तर?

सी-५०१ : मग फोन बदलून भागणार नाही. लिफ्टची भिंत आरसीसीची, आत सळ्यांची जाळी. वाय-फाय कॉलिंग चालू करा, म्हणजे कॉल टॉवरऐवजी घरच्या वाय-फायवरून जातो. फोन आणि सिम दोन्हीकडं ती सोय पाहिजे, घेताना दुकानातच विचारा. बाजारात सिग्नल वाढवणारे बूस्टर मिळतात ते बसवू नका. परवानगीशिवाय बेकायदा आहेत आणि आजूबाजूच्यांचं नेटवर्क बिघडवतात.

बी-३०३ : पावसाळ्यात लाईट गेली की राऊटर बंद, मग वाय-फाय कॉलही बंद. राऊटरला मिनी यूपीएस, म्हणजे बॅटरीचा छोटा डबा, लावा. राऊटरच्या ॲडॅप्टरवर व्होल्ट आणि अँपिअर लिहिलेले असतात. व्होल्ट तंतोतंत तेवढेच पाहिजेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतील. फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही लागेल.

ए-२०४ : दोघांचेही आभार. आधी त्या खोलीतला आकडा घेते आणि इथं टाकते.