लोअर आर्मचा बोल्ट बुशमध्ये जाम: तापवायचा की कापायचा?

विक्रोळी_ओपनपार्किंग
गाडी २००८ ची पेट्रोल हॅचबॅक, बारा महिने उघड्यावर उभी. डाव्या लोअर आर्मचे (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा लोखंडी हात) बुश (त्यातले रबरी सांधे) संपलेत. खड्ड्यात खडखड, आणि ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढते. नवा आर्म बुश-बॉल जॉइंटसकट (चाकाकडचा गोळीचा सांधा) आणून ठेवलाय. मागचा उभा बोल्ट निघाला. पुढचा आडवा (एम १२ म्हणजे १२ मिमी जाडीचा, डोकं १७ मिमीचं) काही केल्या निघेना. त्याचा नट सुटा नाही, सबफ्रेमच्या (इंजिनाखालची लोखंडी चौकट) आत वेल्ड केलेला आहे. ब्रेकर बारला (लांब दांड्याचा पाना) पाइप घालून जोर दिला की डोकं तीस-चाळीस अंश फिरतं, आणि हात सैल केला की स्प्रिंगसारखं परत येतं. डब्ल्यूडी-४० रोज रात्री मारतोय, फरक शून्य. सोसायटीत गॅस कटर आणू देत नाहीत. १५ अँपिअरचा पॉइंट, ४ इंची ग्राइंडर, जॅक आणि दोन स्टँड आहेत. तापवू की कापू? की अजून लांब पाइप लावू?

गोटीपाना
पाइप आधी बाजूला ठेवा. तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे: डोकं फिरून परत येतंय.

बोल्ट दोन जागी धरतो. एक आट्यांत, दुसरी बुशच्या आतल्या लोखंडी नळीत. आटे धरले असते तर दांडा पिळून डोकं चार-पाच अंश हललं असतं, त्यापुढे एक तर कडक किंवा कट्. तीस-चाळीस अंश जाऊन परत येतंय, म्हणजे बोल्ट नटमध्ये फिरतोय. नळी त्याला चिकटलेली आहे, तीही सोबत फिरते, आणि नळीभोवतीचं रबर पिळून तुमचा बार मागे फेकतं. म्हणजे आटे मोकळे आहेत. आता सगळी धडपड तो वेल्ड केलेला नट वाचवण्यासाठी करायची.

डब्ल्यूडी-४० इथे निरुपयोगी. नळीची दोन्ही तोंडं ब्रॅकेटच्या कानांना (बुशच्या दोन बाजूंचे सबफ्रेमचे पत्रे) घट्ट टेकलेली असतात, तेल आत शिरायला वाटच नाही. आतला गंज फुगून बोल्टला चहूबाजूंनी आवळतो. मुंबईच्या खाऱ्या हवेत बरेच पावसाळे काढलेल्या गाड्यांत हेच दिसतं.

जोर लावत राहिलात तर रबर फाटेल आणि बोल्ट फिरू लागेल. तेव्हा हुरळून जाऊ नका. बोल्ट बाहेर येताना नळीलाही ओढतो, नळी डोक्याकडच्या कानावर दाबते आणि कान बाहेर वाकतो. त्याहून पुढे गेलात तर आटे सोलतात किंवा नटचं वेल्ड तुटतं. बंद पेटीत नट गरगरा फिरायला लागला की सबफ्रेमला खिडकी पाडायची वेळ. दोन फेरे, बस्स. एवढ्यात नटच्या बाजूला नळी आणि कान यांच्यात दोनेक मिलिमीटर फट पडते, ती पुढे कामाला येईल.

फेरे सोडल्यावर डोक्यावर दोन किलोच्या हातोड्याने सरळ ठोके द्या, पुन्हा अर्धा फेरा सोडा, पुन्हा ठोका. कधीकधी एवढ्यावरच गंजाची पकड सुटते. गोटी (सॉकेट) सहा कोनीच घ्या, बारा कोनी गोटी डोकं गोल करते.

नाहीच सुटला तर जुन्या आर्मचा बळी द्या, नाहीतरी तो भंगारातच जायचा आहे:

१. पुढची दोन्ही चाकं वर, गाडी स्टँडवर, मागच्या चाकांना ठोकळे. एकच बाजू उचलली तर स्टॅबिलायझर बारचा (दोन्ही बाजूंचे आर्म जोडणारी सळई) ताण आर्मवर राहतो.
२. त्या बारची लिंक आणि बॉल जॉइंट सोडवा. नकल (चाक ज्यावर बसतं तो भाग) तारेने स्ट्रटला (शॉक अब्सॉर्बर) बांधा, नाहीतर ती बाहेर झुकते आणि ड्राइव्ह शाफ्ट (चाक फिरवणारा दांडा) आतल्या जॉइंटमधून निसटतो. ब्रेकच्या होजवर वजन येऊ देऊ नका.
३. बुशच्या डोळ्यापासून (आर्मचं ज्यात बुश बसतो ते गोल कडं) दोन बोटं सोडून आर्म आडवा कापा. आता हात घालायला जागा झाली.
४. डोळ्याच्या बाहेरच्या कड्याला १ मिमीच्या डिस्कने उभी चीर द्या, छिन्नीने उघडा, रबर सोलून काढा.
५. उरली नुसती नळी. तिलाही लांबीभर उभी चीर. डिस्क बोल्टच्या दांड्याला किंचित घासली तरी चालेल, कानाला लागता कामा नये. चिरेत छिन्नी ठोकली की नळी कट्कन उघडते.
६. बोल्ट पान्याने सोडवा. जड वाटला तर अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, तेल लावत.

विक्रोळी_ओपनपार्किंग
समजलं. पण रबर जाळून नळी मोकळी केली तर कापाकापी वाचेल ना? ब्लो टॉर्च आहे.

एकेकाळचा_फिटर
पार्किंगमध्ये रबर जाळू नका हो. पेट्रोलची गाडी, इंधनाची पाइप खालूनच जाते, आणि ड्राइव्ह शाफ्टचं बूट (सांध्यावरचं रबरी आवरण) वीतभर अंतरावर. धूर विषारी. शिवाय काही गाड्यांचे बुश आतून द्रवाने भरलेले असतात, ते तापले की फुटतात.

उष्णताच हवी असेल तर इंडक्शन हीटर (विजेच्या कॉइलने लोखंड तापवणारं यंत्र) भाड्याने बघा. १५ अँपिअरच्या पॉइंटवर आरामात चालतो, ज्वाळा नाही. पण तो आटे धरलेल्या बोल्टासाठी. तुमच्याकडे नळीवर कॉइल बसणार कुठून, भोवती आर्म आहे.

ग्राइंडरच्या ठिणग्यांबद्दल कुणी बोललं नाही. शेजारच्या गाडीच्या काचेवर पडल्या तर काचेत रुततात, पुसून जात नाहीत. ओलं गोणपाट आडवं लावा आणि विझवायला पाणी नव्हे, पावडरचा सिलेंडर जवळ असू द्या. डोळ्यांना गॉगल. खालून कापताना ठिणगी सरळ तोंडावर येते.

कुर्ला_सीएसटी_रोड
गोटीपाना यांची रीत बरोबर, पण ब्रॅकेट खोल असेल तर ४ इंची डिस्क आत पोचत नाही. तिथे रेसिप्रोकेटिंग सॉ (पुढेमागे चालणारी विजेची करवत). नटच्या बाजूला जी फट पडली तीत पातं घाला, दुसरा काप नळी आणि डोक्याकडचा कान यांच्यामध्ये. बायमेटल पातं, इंचाला १८ दात, वेग कमी आणि तेल सतत. असा बोल्ट बहुधा १०.९ ग्रेडचा (जास्त ताकदीचं कडक पोलाद) असतो, वेगात चालवलं की दात लगेच जातात. तीन-चार पाती हाताशी ठेवा.

कापल्यावर नटमध्ये खुंट राहतो. आटे मोकळे असल्याने ग्रिप प्लायरने निघायला हवा. पकडायला काही उरलंच नाही तर मधोमध ५ मिमीचं कोबाल्ट ड्रिल, मग एक्स्ट्रॅक्टर (तुटका बोल्ट उलटा फिरवून काढायचं हत्यार). शेवटचा उपाय १०.८ चं ड्रिल आणि एम १२ बाय १.२५ चा टॅप (आटे पाडायचं हत्यार), पण आधी पिच (दोन आट्यांमधलं अंतर) पिच गेजने तपासा, १.२५ धरून चालू नका.

नवा बोल्ट शक्यतो कंपनीचा. नागदेवी स्ट्रीटवर (मुंबईतला हार्डवेअरचा बाजार) हाय टेन्साइल बोल्ट मिळतात, पण डोक्यावर १०.९ कोरलेलं बघा आणि बिनआट्याच्या दांड्याची लांबी जुन्याशी जुळवा. दांडा आखूड असला तर आटे कानाच्या भोकात येतात आणि भोक खातात. भंगारातला बोल्ट नको.

बसवताना अँटी-सीझ (जाम होऊ न देणारी पेस्ट) दांड्याला आणि नळीच्या आत, आट्यांना नाही. आट्यांना लागलं तर त्याच टॉर्कला (आवळण्याचा मोजलेला जोर) बोल्ट जास्त ताणला जातो.

गोटीपाना
एक राहिलं. आर्म लटकत असताना बोल्ट शेवटचा आवळू नका. आधी नुसता बसवा. चाक लावून गाडी खाली उतरवा, दोन-तीनदा दाबून बसू द्या, मग मॅन्युअलच्या टॉर्कला आवळा. खाली हात जात नसेल तर बॉल जॉइंटखाली जॅक देऊन स्ट्रट नेहमीच्या उंचीवर आणा, गाडीचं वजन स्टँडवर असू द्या. लटकत्या स्थितीत आवळलं तर नळी त्या कोनात जखडते, गाडी खाली आली की रबर कायम पिळलेलं राहतं आणि नवा बुश काही महिन्यांत फाटतो. चाकांची अलाइनमेंट त्यानंतर.

विक्रोळी_ओपनपार्किंग
ब्रॅकेट मोजला, डिस्क जेमतेम आत जातेय. आर्म कापूनच काढतो. उजव्या बाजूचा बोल्ट आत्ताच सोडवून बघू का, की तिथले बुश ठीक आहेत तोवर हात लावू नये?

कुर्ला_सीएसटी_रोड
बुश ठीक असतील तर हात लावू नका. तिथेही नळी चिकटलेलीच असणार. बोल्ट हलवायला गेलात की चांगलं रबर फाटेल आणि दुसरा आर्म आणायला परत सीएसटी रोड (कुर्ल्याचा सुट्या भागांचा बाजार).