मदत हवी आहे: जांभळ्या शांपूच्या दोन बाटल्या, मागे छापलेल्या घटकांच्या यादीतला फरक कोणी समजावेल का?

गोदाकाठची_माई

मंडळी, वय ६१, मुक्काम पाथर्डी फाटा, नाशिक. चार वर्षांपूर्वी कलप सोडला. पहिलं वर्ष डोकं म्हणजे नुसतं ठिगळ होतं, वर पांढरं, खाली काळं-तांबडं. ते सोसलं आणि एकदाचे केस चांदीसारखे झाले. रस्त्यात अनोळखी बायका थांबवून विचारायच्या, काय लावता म्हणून. काहीच नाही, हे सांगताना कोण अभिमान वाटायचा!

पण या मार्चपासून समोरच्या बटा पिवळ्या पडायला लागल्यात. जुन्या वर्तमानपत्राचा रंग असतो ना, तसा. बहीण म्हणाली, "माई, विडी ओढायला लागलीस की काय?"

भाचीने जांभळ्या शांपूचं नाव सुचवलं. मेनरोडवरून पावणेचारशेची एक बाटली आणली, तिने काही म्हणजे काही झालं नाही. मग भाचीनेच सतराशेची दुसरी मागवून दिली. व्हिडिओतल्या मुलीने दहा मिनिटं ठेवलं होतं, म्हणून मीही ठेवलं. समोरच्या बटा चक्क जांभळ्या झाल्या! कानाची पाळी, टॉवेल आणि बाथरूममधला पांढरा मगसुद्धा. दुसऱ्या दिवशी पंचवटीत पुतण्याचा साखरपुडा. तीनदा डोकं धुतलं, गेलं नाही. शेवटी जांभळी पैठणी नेसले, म्हटलं मुद्दाम केलंय असं तरी वाटू दे.

आता दोन्ही बाटल्या समोर ठेवून भिंगाने वाचतेय. पहिलीवर: पाणी, सोडियम लॉरेथ सल्फेट, कोकामिडोप्रोपिल बीटेन, सोडियम क्लोराइड, ग्लिसरीन, पॉलिक्वाटर्नियम-१०, सायट्रिक ॲसिड, डायसोडियम ईडीटीए, फिनॉक्सीइथेनॉल, सुगंध, सीआय ६०७३०, सीआय ४२०९०.

दुसरीवर: पाणी, डेसिल ग्लुकोसाइड, कोकामिडोप्रोपिल बीटेन, सेट्रिमोनियम क्लोराइड, अमोडायमेथिकोन, पँथेनॉल, हायड्रोलाइज्ड केराटिन, आर्गन तेल, सायट्रिक ॲसिड, फिनॉक्सीइथेनॉल, सुगंध, बेसिक व्हायोलेट २, बेसिक ब्ल्यू ९९.

दोन्हीत रंग अगदी शेवटी लिहिलाय. मग एकीने काहीच नाही आणि दुसरीने एवढा गोंधळ का? आणि माझ्यासारखीने कुठली वापरावी? सासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, एवढे पैसे कशाला, बादलीत थोडी नीळ टाक. खरं सांगते, तो विचारही मनात येऊन गेला.

बॅचवाला

माई, नमस्कार. शांपूच्या कारखान्यात अकरा वर्षं मिक्सिंगला होतो, म्हणून यादीपुरतं सांगतो.

आधी तो "शेवटी लिहिलाय" प्रकार. एक टक्क्याच्या वर जे आहे ते जास्तीकडून कमीकडे लिहितात. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेल्यांना क्रम नाही, कसंही लिहा. जांभळ्या शांपूतला रंग नेहमीच या दुसऱ्या गटात असतो. त्यामुळे जागेवरून रंग किती ते कळत नाही. आर्गन तेलाचंही तेच. बाहेर मोठं चित्र, आत पातेलंभर मालात चमचाभर.

पहिलीत फेस आणि सफाई करतो तो लॉरेथ सल्फेट. बीटेन त्याचा कडकपणा कमी करतं, फेस टिकवतं. सोडियम क्लोराइड म्हणजे आपलं मीठ. ते केसांसाठी नाही, शांपू दाट करायला घालतात, म्हणून दाट शांपू म्हणजे भारी शांपू असं काही नसतं. पॉलिक्वाटर्नियम-१० धुताना पाणी वाढलं की केसावर पातळ थर बसवतं, त्याने गुंता कमी होतो. ईडीटीए पाण्यातले कॅल्शियम, लोहाचे कण बांधून ठेवतं, पण एवढ्याशा प्रमाणात ते मुख्यतः बाटलीतला माल टिकवायला असतं, तुमचे केस साफ करायला नाही.

दुसरीत सफाईला डेसिल ग्लुकोसाइड, सौम्य प्रकार. सल्फेट नाही म्हणून महाग असं वाटेल, पण खरं कारण वेगळं आहे. बेसिक रंगांवर धन भार असतो आणि लॉरेथ सल्फेटवर ऋण. दोघांना एका भांड्यात घातलं की ते एकमेकांनाच धरून बसतात. म्हणून बेसिक रंग घ्यायचे तर पायाच, म्हणजे सफाई करणारं द्रव्यच, बदलावं लागतं. सेट्रिमोनियम मऊपणासाठी, अमोडायमेथिकोन हे खराब झालेल्या जागी चिकटणारं सिलिकॉन. केराटिन केस "बांधतं" वगैरे नाही हां, वरून थर देतं, धुतलं की जातं.

रंगांबद्दल मात्र माझ्यापेक्षा येवल्याच्या भाऊंनी बोलावं.

येवल्याचा_रंगारी

बोलावलं म्हणून आलो. आम्ही पैठणीचं रेशीम रंगवतो, केसांचं काम माझं नाही. पण रेशीम काय, लोकर काय, केस काय, तिन्ही प्रथिनंच. धाग्याचा स्वभाव बराच सारखा.

माई, तुमच्या पहिल्या बाटलीतला सीआय ६०७३० म्हणजे ॲसिड व्हायोलेट ४३. (सीआय हा रंगाचा ठरलेला क्रमांक.) ॲसिड रंग म्हणजे आमचे रोजचे सोबती. त्यांच्यावर ऋण भार असतो. रेशमावर ते पक्के बसवायचे तर पाण्यात ॲसिटिक ॲसिड लागतं, भांडं उकळीच्या जवळ न्यावं लागतं, वर पाऊण-एक तास लडी फिरवत राहावं लागतं. तुम्ही कोमट पाण्यात तीन मिनिटं ठेवता. तेवढ्यात तो वरवर टेकतो आणि पुढच्या दोन-तीन धुण्यांत निघून जातो. काही झालं नाही असं वाटलं, पण पाच-सहा वेळा सलग केलं असतं तर थोडा फरक दिसला असता. सीआय ४२०९० हा निळा, मिठाईत आणि सरबतातही तोच घालतात.

दुसरीतले बेसिक रंग वेगळे. धन भाराचे, आणि केसांचा पृष्ठभाग ऋण. पाहताक्षणी चिकटतात. त्यातही जो केस उन्हाने, उष्णतेने खरखरीत झालाय तो जास्त ओढून घेतो. मागचे केस तसेच राहिले आणि समोरचेच जांभळे झाले ना? मग समोरचे केस खराब झालेत, हे तुमच्या बाटलीनेच सांगितलं म्हणायचं.

निळीचं म्हणाल तर सासूबाईंची अक्कल बरोबर, माल चुकीचा. पिवळा धागा प्रकाशातला निळा भाग खातो. त्यावर जांभळी छटा दिली की ती पिवळा भाग खाते. दोन्ही बाजू सारख्या झाल्या की डोळ्याला पांढरं वाटतं. धोतराला नीळ देतात ती याचसाठी, आणि पातळ निळीची बाटली जांभळट दिसते ती उगाच नाही. पण यात कापड उजळत नाही, उलट किंचित गडदच होतं. केसांचंही तेच. मात्र कपड्यांची नीळ डोक्याला लावू नका, ती कातडीसाठी तपासलेली नसते.

एक करून बघा. कंगव्यातला गुंतवळ टाकू नका. दोन वाट्यांत थोडा थोडा घ्या, दोन्ही शांपू लावा, तीन मिनिटं घड्याळ लावून, मग धुवा. नवा रंग आला की आम्ही आधी तुकड्यावरच बघतो, थेट लडीवर नाही.

शिकेकाईच_बरी

एवढी रसायनं डोक्यात घालण्यापेक्षा शिकेकाई, आवळा, जास्वंद. आमच्या आजीचे केस शेवटपर्यंत सुंदर होते.

कात्रीवाली

आजीचे केस काळे होते का हो? शिकेकाई-आवळा काळ्या केसांना छानच, पण पांढऱ्यावर मळकट छटा सोडतात. कॉलेज रोडला सलूनमध्ये रोज बघते.

माई, मला तीन गोष्टी सांगा. तेल कुठलं आणि किती? पाणी नळाचं की बोअरचं? आणि मार्चमध्ये नेमकं काय बदललं? शांपूची यादी राहू दे थोडी बाजूला, पिवळेपणा कुठून येतो ते आधी बघू. पांढऱ्या केसांत मेलॅनिन, म्हणजे केसाला काळा रंग देणारं द्रव्य, नसतं, म्हणजे उन्हापासून आडोसाच नाही. ऊन, इस्त्री, ड्रायर, धूर, जड पाणी, तेलाचा थर, यातलं काहीही असू शकतं.

दहा मिनिटांचं म्हणाल तर ती मुलगी ब्लीच केलेल्या सोनेरी केसांची असणार, आणि तिची बाटली तुमचीच होती असं कुठंय? पांढऱ्या केसांना पहिल्या वेळी एक मिनिट पुष्कळ. आणि डोक्यात तेल असेल तर आधी साध्या शांपूने धुवा, नाहीतर रंग तेलावर बसतो, केसावर नाही. बाथरूममध्ये अंगभर जांभळं पाणी ओघळतं ते वेगळंच.

गोदाकाठची_माई

कात्रीवाली ताई, तुमचा तिसरा प्रश्न वाचला आणि कपाळाला हात लावला. मार्चमध्ये मी गच्चीवर असते! कुरडया, पापड, सांडगे. सकाळी नऊपासून दुपारपर्यंत कावळे हाकत छत्रीशिवाय बसते. पदर डोक्यावरून घेते, पण कपाळावरच्या बटा बाहेरच.

तेल खोबऱ्याचं, रोज. आठवड्यातून एकदा शिकेकाईही. (शिकेकाईच_बरी, रागावू नका.) पाणी हिवाळाभर नळाचं होतं, गंगापूर धरणाचं. उन्हाळा लागला की सोसायटी बोअर सुरू करते. गीझरच्या कॉइलवर दरवर्षी पांढरा दगड बसतो, मेकॅनिक छिन्नीने काढतो.

बॅचवाला

झालं तर मग, चोर एक नाही, टोळी आहे. पाण्याची खात्री करायची तर दोन रिकाम्या बाटल्या घ्या. एकीत बोअरचं, दुसरीत फिल्टरचं पाणी. कपड्यांच्या वडीच्या साबणाचा सारखाच किस टाका आणि हलवा. जिथे फेस येणार नाही ते पाणी जड. शांपू टाकू नका, तो जड पाण्यातही फेसाळतो, त्यावरून कळणार नाही.

नाशिककर_७७

शेवटचा तांब्या आरओच्या वाया जाणाऱ्या पाण्याचा घेतला तर? तेवढीच बचत.

बॅचवाला

अहो नको! आरओ जे क्षार बाजूला काढतो ते त्याच पाण्यात जातात. बोअरपेक्षाही जड. लादी पुसा त्याने.

गोदाकाठची_माई

तीन आठवड्यांनी लिहितेय, माफ करा.

साबणाचा प्रयोग झाला. फिल्टरच्या पाण्याला बोटभर फेस, बोअरच्या पाण्यात नुसती दह्यासारखी साय वर आली.

गुंतवळाचाही केला. लहानपणी आई गुंतवळ साठवायची, दारावर बाई यायची आणि त्याच्यावर सुया-पिना देऊन जायची. इतक्या वर्षांनी पुन्हा साठवला, तोही शास्त्रासाठी. स्टीलच्या दोन वाट्या, तीन-तीन मिनिटं. पहिल्या शांपूतला धुतल्यावर पांढराच दिसला, पण पांढऱ्या कागदावर कोऱ्या गुंतवळाशेजारी ठेवला तर पिवळेपणा थोडा उतरलेला होता. दुसऱ्यातला लव्हेंडर. पाच वेळा धुतला तरी फिकट लव्हेंडर उरलाच. रंगारी दादा, तुमचं अक्षर न् अक्षर खरं ठरलं.

आता असं करतेय. तेल रोज नाही, धुण्याच्या आदल्या रात्री आणि तेही थोडंच. शिकेकाई बंद. शेवटचे दोन तांबे पिण्याच्या फिल्टरचं पाणी. पंधरा दिवसांतून एकदा कात्रीवाली ताईंनी निरोपातून सांगितला तसा क्षार काढणारा शांपू, त्यात ईडीटीए यादीत बरंच वर आहे. आणि आठवड्यातून एकदा पहिली बाटली, तीन मिनिटं. नवं काही लावण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंब लावून दोन दिवस बघतेही. वाळवणाला टोपी घालते. शेजारीण हसते, हसू दे.

बटा अजून पूर्ण पांढऱ्या नाहीत. उन्हाने जो केस पिवळा झालाय तो कापला जाईपर्यंत तसाच राहणार, हेही कळलंय. महिन्याला सेंटीमीटर-सव्वा सेंटीमीटर वाढतात म्हणे, म्हणजे दिवाळीपर्यंत थांबायचं. पण बहिणीने विडीचं नाव काढणं बंद केलंय.

एकच राहिलं. दुसरी बाटली जवळपास भरलेली आहे, सतराशेची. भाची म्हणते मला द्या. तिच्या केसांना दोन वर्षं मेंदी आहे, उन्हात नारिंगी दिसतात. देऊ का?

कात्रीवाली

देऊ नका. जांभळा उतारा पिवळ्यावर, नारिंगीवर निळा लागतो, आणि मेंदी तर त्यालाही फारशी दाद देत नाही. तिच्या केसांवर काहीच दिसणार नाही. मगावर मात्र दिसेल.