पेटी (हार्मोनियम): काळी एकला दुगुनमध्ये (दुप्पट लयीत) बोटं दर वेळी वेगळी पडतात

जुळे_सोलापूर
पांढरी एकमध्ये (पहिली पांढरी पट्टी ‘सा’ धरून) सरळ सरगम आणि ‘सारेग रेगम गमप’ दुगुनला साफ जातं. पण आमचं पुरुषांचं भजन काळी एकला असतं, महिला मंडळाचं काळी चारला. तिथं दर आवर्तनाला बोट बदलतं. चढताना ग-मपाशी हात अडतो, उतरताना तर हमखास. ठायीत (मूळ संथ लयीत) काहीच जाणवत नाही. आषाढीआधी हात बसायला हवा. पेटी चादरीची चौघडी करून तिच्यावर ठेवतो, त्याचा काही संबंध असेल का?

कोमल_गंधार
पांढरी एकची बोटं तशीच काळी एकला नेली की हेच होणार. तिथं सा, रे, म, प, ध काळ्यांवर आहेत. ग (पांढरी ४) आणि नी (पांढरी १) एवढेच पांढरे. अंगठा या दोघांनाच द्यायचा. अंगठा १, करंगळी ५ धरून:

काळी एक: सा२ रे३ ग१ म२ प३ ध४ नी१ सां२ (सां म्हणजे वरचा सा)
काळी चार: सा३ रे४ ग१ म२ प३ ध१ नी२ सां३

उतरताना हेच आकडे उलटे. तुमची अडचण बहुतेक नी-धमध्ये आहे. नीनंतर धवर अनामिकेऐवजी मध्यमा पडली, की प तर्जनीवर जातो आणि म अंगठ्यावर. म म्हणजे काळी तीन, तिथं अंगठा चढवताना सगळा हात उचलावा लागतो. म्हणजे हात अडतो मपाशी, पण चूक झालेली असते दोन सूर आधी.

आधी फक्त सांधे, म्हणजे अंगठा बोटांखालून जातो त्या जागा, घोटा. काळी एकला रे-ग-रे-ग (३-१) आणि ध-नी-ध-नी (४-१), काळी चारला रे-ग (४-१) आणि प-ध (३-१). रे वाजत असतानाच अंगठा गच्या वर जाऊन थांबलेला हवा. रे सोडल्यावर निघाला तर उशीर झालाच. अंगठा काळ्या पट्ट्यांच्या तोंडाशी ठेवा. पांढरीच्या टोकाला दाबलं तर हात सारखा मागेपुढे होतो.

मेट्रोनोम ६० वर, ठोक्याला एक सूर. मग त्याच ६० वर ठोक्याला दोन. सलग तीनदा आकडे चुकले नाहीत तर ४ ने वाढवा, चुकले तर १० मागे या. सूर बरोबर लागला पण बोट चुकलं, तरी ती चूकच धरा. ठायीत चूक लपते ती इथंच.

भाता_डावा_हात
चादरीचा संबंध आहे की! मऊ बैठकीवर भात्याच्या प्रत्येक हेलकाव्याला पेटी हलते आणि पट्टी बोटाखालून केसभर सरकते. उंची हवी असेल तर खाली सपाट फळी घ्या. कोपर आणि पट्ट्या साधारण एका पातळीत आल्या की पुरे.

आणखी एक. लय वाढली की लोक पट्टी जोरात दाबतात. पेटीत त्यानं आवाज वाढत नाही. आवाज भात्यावर, पट्टीनं फक्त वाट उघडते. जोरानं मनगट आखडतं आणि अंगठा खालून जाईना होतो. मेमध्ये बोटं घामानं घसरतात म्हणून पावडर लावू नका, ती पट्ट्यांच्या फटीत बसते. रुमाल पुरे. पावसाळ्यात लाकूड फुगून एखादी पट्टी वर यायला वेळ लावत असेल, तर दोष बोटाचा नाही. ती पट्टी दाबून सोडा आणि शेजारच्या पट्टीशी ताडून बघा.

जुळे_सोलापूर
म्हणजे भजनाची चाल भैरवीत असली तरी २-३-१ च?

कोमल_गंधार
नाही. काळी एकच्या भैरवीत रे, ग, ध, नी कोमल असल्यानं पांढऱ्यांवर येतात. तिथं सा३ रे१ ग२ म३ प४ ध१ नी२ सां३. भूप रागात म-नी नाहीत, म्हणून गवर अंगठा, प तर्जनीवर, ध मध्यमेवर, सां अनामिकेवर. आकडे रागाप्रमाणे बदलतात. अंगठा पांढरीवर, एवढं मात्र बदलत नाही.

जुनी_पेटी
गायकाच्या संगतीत एवढं काटेकोर जमत नाही हेही सांगून ठेवतो. गायकानं अचानक तान घेतली की मिळेल ते बोट पडतं. पण घरच्या पलट्यांना (‘सारेग रेगम’सारख्या सरावाला) सूट नको. वहीत सरगमेखाली बोटांचे आकडे पेन्सिलीनं लिहा आणि काळी एक आणि काळी चार एकाच दिवशी घोटू नका. काळी एक बसल्यावर काळी चार घ्या.