मदत हवी आहे: पिवळ्या पिशवीत वडापावचे कागद!

नमस्कार मंडळी, मी तालुक्याच्या गावी 20 बेडच्या हॉस्पिटलात सिस्टर आहे, कचरा वेगळा करायचे डबे सगळे आहेत आमच्याकडे, पिवळा लाल पांढरा निळा, पण पिवळ्यात रक्ताच्या ड्रेसिंगसोबत नातेवाइकांचे वडापावचे कागद, केळीची सालं, चहाचे कप सगळंच पडतं आणि मग ते उगाच भट्टीत जाळायला जातं. काल तर लाल पिशवीत सलाईनच्या नळ्यांमध्ये सुई निघाली, मावशींच्या बोटाला टोचता टोचता राहिली!! त्यात हॉस्पिटलच्या कचऱ्याच्या 2016 च्या नियमात रक्ताच्या ड्रेसिंगसारखा कचरा 48 तासांच्या वर ठेवायचा नाही आणि आमची कचरा नेणारी गाडी उगवते चौथ्या दिवशी. पिवळा डबा वॉर्डातून काढून ड्रेसिंग ट्रॉलीलाच अडकवला तर फरक पडेल का, कुणी करून बघितलंय? बोर्ड लावून झालाय, वाचतंय कोण.